डफ की दफ?

गेल्या महिन्यात माझ्या भाचीचा निकाह ठरला आणि आमच्या वसईच्या घरात वाद सुरू झाला. मुलांना डीजे हवा होता. मोठे मामू म्हणत होते, "वाजवणे-गाणे अजिबात नको." मध्येच नानी बोलल्या, "अरे, दफ तरी वाजू द्या." भाचीने मला हळूच विचारले, "खाला, दफ म्हणजे मराठीतला डफच ना?"

होय, तोच. लाकडाच्या गोल कड्यावर एका बाजूने कातडे ताणलेले हे वाद्य. मूळ अरबी शब्द 'दुफ्फ', फारसी आणि उर्दूत तो 'दफ' झाला, मराठीने त्याचा 'डफ' केला. आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या बायबलमध्ये हजरत मूसांची बहीण मिर्याम जी डफ वाजवते, तिला हिब्रूत 'तोफ' म्हणतात. तोही याच कुळातला शब्द; मराठीतल्या तोफेशी मात्र त्याचा संबंध नाही.

निकाहचा आणि दफचा संबंध जुना आहे. सहीह बुखारीत हजरत रुबय्यि बिन्त मुअव्विज (रजि.) यांच्या लग्नाचा प्रसंग येतो. मुली दफ वाजवून बद्रच्या शहिदांची आठवण गात होत्या आणि नबी करीम (स.) तिथे बसले होते. एका मुलीने गाण्यात त्यांना उद्याचे ज्ञान असल्याचे म्हटले, तेव्हा त्यांनी तेवढे शब्द सोडायला सांगितले. आधीचे गाणे चालू ठेवायला सांगितले. निकाह लपूनछपून होऊ नये, चार लोकांना कळावा, म्हणूनही दफचा उल्लेख हदीसमध्ये येतो. त्याच्या मर्यादांबाबत उलमांची मते वेगवेगळी आहेत, पण डीजे आणि दफ एकाच मापाने मोजता येत नाहीत.

मराठीत हाच डफ शाहिराच्या हाती गेला. 'शाहीर' हा शब्दही अरबी 'शायर'वरूनच आलेला. बार्शीला 1916 साली जन्मलेले महबूब हुसेन पटेल 'शाहीर अमर शेख' झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांनी, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांनी सभा गाजवल्या. 1 मे 1960 रोजी आपले राज्य झाले, त्यात या शाहिरीचा वाटा आहे.

पण 'डफ'चे 'डफडे' झाले की सूर बदलतो. डफडे म्हणताना लोक नाक मुरडतात. ते वाजवणाऱ्यांना गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्याचा डाग शब्दालाही लागला, असे मला वाटते. वर्गात मी मुलांना सांगते, कोणाला हिणवायला हा शब्द वापरू नका.

उर्दूच्या श्रुतलेखनात एका मुलाने 'दफ'पुढे चुकून नून लिहिला आणि शब्द झाला 'दफन'! आम्ही खूप हसलो. घरी येताना मात्र वाटले, आपल्या घरांतून दफ खरोखरच दफन होत चालला आहे.

हे सगळे मी मामूंना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बायकांच्या बैठकीत वाजू दे. पण डीजे नाही."

निकाहच्या आदल्या संध्याकाळी नानींनी माळ्यावरचा दफ काढायला लावला. पावसाळी हवेने कातडे सैल पडले होते. त्यांनी तो शेगडीच्या आचेवर हलकेच शेकला, बोटांनी वाजवून पाहिला आणि भाचीच्या हातात दिला. "आता तू शीक," एवढेच म्हणाल्या.