वाट पाहणाऱ्यांचा शनिवार

आपल्या मराठी घरांत शनिवार म्हटला की मारुतीचे देऊळ, तेल-शेंदूर, रुईच्या पानांची माळ आणि घरातील कोणा ना कोणाचा उपवास, एवढे सारे डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु शनिवार हा संपूर्ण विश्रांतीचा व उपासनेचा दिवस मानून त्या दिवशी सारे व्यवहार बंद ठेवणारे लोकही मराठी मुलखाला परके नाहीत. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या रायगडमधील, बेने इस्रायली मंडळी पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत. म्हणूनच शेजारीपाजारी त्यांना 'शनिवार तेली' या नावाने ओळखत.

ही मंडळी यहुदी धर्माची. मात्र ख्रिस्ती लोकांतही शनिवार पाळणारा एक पंथ आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. रविवारी सकाळी चर्चला जाणारे शेजारी आपण पाहिलेले असतात. शनिवारी जाणारे दिसले की थोडे नवल वाटते. या पंथाचे नाव सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट. 'सेव्हन्थ-डे' म्हणजे सातवा दिवस, शनिवार. आणि 'ॲडव्हेंट' म्हणजे आगमन, ख्रिस्ताचे पुन्हा येणे. आज जगभर या पंथाचे दोन कोटींहून अधिक अनुयायी आहेत. या दोन शब्दांची जोडी कशी जमली, ही कथा ऐकण्याजोगी आहे. कारण तिचा आरंभ एखाद्या विजयात नसून एका जबरदस्त फसगतीत आहे.

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात लो हॅम्प्टन येथे विल्यम मिलर नावाचा एक शेतकरी राहत असे. त्याचा जन्म १७८२ सालचा. तरुणपणी त्याचे मत असे होते की, ईश्वराने सृष्टी घडविली खरी, पण पुढे तो तिच्यात मुळीच लक्ष घालीत नाही. १८१४ साली प्लॅट्सबर्गच्या लढाईत तो कॅप्टन म्हणून लढला. समोर इंग्रजांचे कितीतरी मोठे सैन्य असताना आपली बाजू तगून राहिली कशी, या प्रश्नाने त्याला अस्वस्थ केले. १८१६ साली तो पुन्हा श्रद्धेकडे वळला, तेव्हा जुन्या मित्रांनी त्याची थट्टा आरंभिली. त्यांना उत्तर देता यावे म्हणून त्याने बायबल एकेक ओळ करून वाचावयास घेतले. दोन वर्षांच्या अभ्यासानंतर दानीएलच्या ग्रंथातील 'दोन हजार तीनशे दिवस' या शब्दांपाशी तो थबकला. दिवस म्हणजे वर्ष असे धरून, इसवी सनापूर्वी ४५७ पासून गणित मांडले, तर सुमारे १८४३ सालात ख्रिस्त पुन्हा येणार, असे त्याला दिसून आले.

पुढील तेरा वर्षे हा मनुष्य जाहीर सभेत काही बोलला नाही. आपण चुकत असलो तर काय, ही धास्ती त्याला होती. अखेर १८३१ च्या ऑगस्टमध्ये त्याने देवापुढे कबूल केले की, कोणी आपण होऊन बोलावणे पाठविले तरच जाईन. असे बोलावणे येणार नाही, अशी त्याची मनोमन खात्री होती. अर्ध्या तासात भाचा निरोप घेऊन दारात उभा राहिला! मिलर रागारागाने मेपलच्या राईत निघून गेला, तेथे स्वतःशी भांडला, आणि परत येऊन भाच्याबरोबर निघाला. पुढच्या बारा-तेरा वर्षांत त्याच्या मागे पन्नास हजारांपासून लाखापर्यंत माणसे जमली असावीत, असा अंदाज केला जातो.

प्रथम सांगितलेली मुदत टळली. मग सॅम्युअल स्नो नावाच्या अनुयायाने नेमकी तारीख काढली : २२ ऑक्टोबर १८४४, मंगळवार. आता शेतातले पीक काढून तरी काय करायचे? न्यू हॅम्पशायरमधील लेनर्ड हेस्टिंग्ज या शेतकऱ्याने आपले बटाटे जमिनीतच राहू दिले. कित्येकांनी देणी फेडून टाकली, कित्येकांनी दुकानांना कुलपे लावली. त्या दिवशी घराघरांत माणसे एकत्र बसून वाट पाहू लागली. सूर्य मावळला, मध्यरात्र झाली, पहाट झाली. कोणीही आले नाही.

या पंथाच्या इतिहासात या प्रसंगाला 'महान निराशा' असेच म्हटले जाते. पोर्ट गिब्सन गावचा हायरम एड्सन हा शेतकरी आणि त्याचे सोबती त्या रात्री पहाटेपर्यंत रडत होते. ज्यांना आपण काल शेवटचा निरोप दिला, त्या शेजाऱ्यांपुढे तोंड दाखवायचे कसे? 'काय हो, अजून गेला नाहीत?' असा कुत्सित प्रश्न मुलेसुद्धा विचारणार! आपल्याकडे लग्नघटिका टळली आणि वरात आलीच नाही, तर त्या मांडवाची जी अवस्था होईल, ती हजारो घरांची झाली.

माणसाच्या श्रद्धेची कसोटी नेमलेल्या दिवशी लागत नाही. ती दुसऱ्या दिवशी सकाळी लागते. त्या सकाळी अनेकांनी धर्मच सोडला. अनेक जण आपापल्या जुन्या चर्चमध्ये खाली मान घालून परतले. काही जण नव्या तारखा काढीत बसले. खुद्द मिलरने गणितात चूक झाल्याचे मोकळेपणाने मान्य केले, मात्र आगमनाची आशा सोडली नाही. १८४९ साली तो वारला. एड्सन त्या सकाळी शेजाऱ्यांची नजर चुकवून मक्याच्या शेतातून चालला असता त्याला वाटले की, तारीख खरी होती, घटना मात्र आपण चुकीची समजलो. ख्रिस्ताने त्या दिवशी स्वर्गातील मंदिरात आपल्या सेवेचा नवा टप्पा आरंभिला. ही उपपत्ती बाहेरच्या माणसाला पटेल वा न पटेल; मनाची समजूत घालण्याचा हा प्रकार आहे, असेही कोणी म्हणेल. तथापि रडून सुजलेल्या डोळ्यांनी तो पुन्हा ग्रंथ उघडून बसला, हे मात्र खरे. अशा मूठभर माणसांतूनच पुढचा पंथ उभा राहिला.

जाता जाता सांगायचे म्हणजे, हेस्टिंग्जच्या बटाट्यांची गोष्ट वेगळीच झाली. त्या साली वेळेवर काढलेले बटाटे रोगाने सडले. याचे उशिरा काढलेले बटाटे चांगले निघाले आणि त्यांना भावही बरा आला, असे सांगतात.

आता शनिवार कोठून आला ते पाहू. न्यू हॅम्पशायरमधील वॉशिंग्टन नावाच्या लहान गावी रेचेल ओक्स ही विधवा बाई आपल्या मुलीकडे राहावयास आली. ती सेव्हन्थ-डे बॅप्टिस्ट या जुन्या शनिवार-पाळ्या पंथाची. तेथील उपदेशक फ्रेडरिक व्हीलर यांनी एकदा प्रभुभोजनाच्या वेळी देवाच्या सर्व आज्ञा पाळण्याचा उपदेश केला. पुढे भेट झाली तेव्हा बाईने त्यांना सरळ सांगितले की, चौथी आज्ञा सातवा दिवस पवित्र पाळा असे म्हणते. ती तुम्ही पाळीत नाही, तोवर त्या मेजावर पुन्हा कापड घातलेलेच बरे! व्हीलर यांना हे शब्द लागले. १८४४ सालीच ते शनिवार पाळू लागले.

१८४५ साली जोसेफ बेट्स हा निवृत्त जहाजकप्तान त्यांना भेटावयास गेला. बेट्सचे आयुष्य एखाद्या कादंबरीसारखे. तरुणपणी इंग्रजी आरमाराने त्याला सक्तीने पकडून नेले, पुढे डार्टमूरच्या तुरुंगात ठेवले. कप्तान झाल्यावर त्याने आधी दारू, मग तंबाखू सोडली आणि आपल्या अखेरच्या सफरीत जहाजावर दारूला बंदी केली. समुद्रावर मिळविलेली सारी पुंजी त्याने मिलरच्या चळवळीत घातली होती. व्हीलर यांच्याशी रात्रभर बोलून तो घरी निघाला तो शनिवार पाळण्याचा निश्चय करूनच.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहावासा वाटला तो सांगतो. १८४६ साली बेट्स शनिवारवर एक पुस्तिका लिहीत बसला होता. त्याची पत्नी प्रुडन्स आत येऊन म्हणाली, पोळीपुरते पीठ नाही. बेट्सच्या खिशात शेवटचे साडेबारा सेंट उरले होते. तो गेला आणि चार पौंड पीठ व थोडे किरकोळ सामान घेऊन आला. एवढेसे पीठ पाहून ती चकित झाली. जहाजाचा माल विकत घेणारा हा मनुष्य चार पौंड पीठ आणतो! जवळचे होते नव्हते ते सारे संपले, हे त्याने तेव्हा तिला सांगितले. बिचारी पदराला डोळे पुसत रडू लागली. देव पुरवील, असे त्याने म्हटले. त्यावर तिने काय म्हणावे? थोड्याच वेळाने त्याला टपालकचेरीत जावेसे वाटले. तेथे त्याच्या नावे पत्र होते, पण टपालखर्चाचे पैसेही त्याच्यापाशी नव्हते. पाकीट पोस्टमास्तरकरवीच उघडविले, तो आत दहा डॉलर! पिठाचे अख्खे पिंप घरी आले.

या कथेत चमत्कार पाहावा की योगायोग, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझे लक्ष मात्र प्रुडन्सकडे जाते. ती शनिवार पाळीत नव्हती. नवऱ्याच्या मागोमाग तो स्वीकारावयास तिने आणखी काही वर्षे घेतली. श्रद्धेच्या प्रवासाला माणूस एकटा निघतो, परंतु त्याच्या प्रवासाचा खर्च घर सोसते. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे सांगावयास नको.

पुढे एलन व्हाइट ही या मंडळींची मार्गदर्शिका ठरली. नऊ वर्षांची असताना एका मुलीने मारलेला दगड लागून ती जायबंदी झाली आणि तिची शाळा सुटली. १८४४ च्या डिसेंबरात, सतरा वर्षांची असताना, तिला पहिले दर्शन झाले असे तिचे अनुयायी मानतात. २१ मे १८६३ रोजी बॅटल क्रीक येथे पंथाची रीतसर स्थापना झाली, तेव्हा सभासद होते अवघे साडेतीन हजार. त्याच साली तिने आरोग्याचा विषय हाती घेतला : शाकाहार, स्वच्छ हवा, पाणी, व्यायाम, दारू-तंबाखू वर्ज्य. आपल्या मुलांच्या न्याहरीतले कॉर्नफ्लेक्स हे बॅटल क्रीकच्या आरोग्यधामातूनच निघाले, हे गमतीने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्या देशात १८९३ साली दोन पुस्तकविक्रेते मद्रासेस उतरले. २३ जानेवारी १८९५ रोजी जॉर्जिया बरस ही अविवाहित तरुणी एकटीच कलकत्त्यास आली. त्याच वर्षी, फेब्रुवारीत, नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, हा केवळ काळाचा योग. जॉर्जियाने बंगाली शिकून जनानखान्यांतील स्त्रियांशी ओळखी केल्या, मुलींची शाळा काढली आणि आयुष्याची सुमारे चाळीस वर्षे या देशात घालविली. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या करमाटार येथे तिच्या सहकाऱ्यांनी अनाथाश्रम चालविला. १८९९ च्या डिसेंबरात तेथे देवीच्या साथीत रॉबिन्सन व ब्राउन हे दोघे कार्यकर्ते दगावले. पुढारी गेले, पण काम थांबले नाही. पुन्हा दुसरी सकाळ!

त्यांच्या जागी धुरा सांभाळणारे विल्यम स्पायसर यांचे नाव आज पुणेकरांच्या तोंडी आहे. १९१५ साली कोइमतूर येथे सुरू झालेली संस्था बंगळूरमार्गे १९४२ साली पुण्यास आली. तेच औंध रस्त्यावरील स्पायसर कॉलेज. २०१४ पासून ते विद्यापीठ झाले आहे. तेथील बेकरीचा गव्हाचा पाव खाणाऱ्या कित्येकांना त्यामागची ही सारी परंपरा ठाऊकही नसेल.

शनिवारची कसोटी अधिक कठीण प्रसंगीही लागली. व्हर्जिनियाचा डेस्मंड डॉस १९४२ साली सैन्यात गेला तो शस्त्र हाती घेणार नाही या अटीवर. शनिवारी इतर काम नाकारणाऱ्या आणि रात्री खाटेशी प्रार्थना करणाऱ्या या पोराला सोबती बूट फेकून मारीत. पुढे तो शुश्रूषक झाला. १९४५ च्या मे महिन्यात ओकिनावाच्या कड्यावर, तोफांच्या भडिमारात, सुमारे पंचाहत्तर जखमी सैनिकांना दोराने एकेक करून त्याने खाली उतरविले. तो दिवस ५ मे, शनिवार. पवित्र दिवशी दुखणाईतांची सेवा निषिद्ध नाही, असे त्याची श्रद्धा त्याला सांगत होती. जे त्याला हिणवीत, त्यांतले काही त्याच्याच दोराने वाचले. त्याच ऑक्टोबरात अध्यक्ष ट्रुमन यांच्या हस्ते त्याला अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. २००६ साली तो निवर्तला.

सर्वांच्या वाट्याला कडे आणि पदके येत नाहीत. सामान्य ॲडव्हेंटिस्ट कुटुंबात शुक्रवारी दुपारीच दोन वेळांचा स्वयंपाक उरकतो, सूर्यास्ताला काम थांबते, ते शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. मुलाच्या परीक्षेचा पेपर नेमका शनिवारी आला, तर आईबाप रात्र रात्र विचार करतात. वर्ष बुडवावे की दिवस मोडावा? नोकरीत शनिवारची पाळी आली तर बढतीवर पाणी सोडावे काय? हे प्रश्न वर्तमानपत्रात येत नाहीत, पण खरी श्रद्धा अशाच ठिकाणी किंमत मोजते.

आपण, बेळगावपासून ग्वाल्हेरपर्यंत पसरलेली मराठी माणसे, हे ओळखू शकतो. गावाचा व्यवहार वेगळ्या दिनदर्शिकेने चालत असतानाही गुढी उभारायची, कचेरीत रजा नसली तरी गणपती आणायचा, हे आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. चार लोकांहून वेगळा दिवस पाळताना घरात किती जुळवाजुळव करावी लागते, हे आपल्या घरच्या बायकांना विचारावे.

एका दिवसाची वाट पाहणारी ही माणसे. तो दिवस आला नाही. तेव्हा त्यांनी दर आठवड्याचा एक दिवस हाती धरला, आणि वाट पाहणे चालूच ठेवले. त्यांचे गणित आपल्याला मान्य असो वा नसो, शनिवारी सकाळी स्वच्छ कपडे घालून, मुलांची बोटे धरून चर्चला निघालेले असे कुटुंब पुढे कधी दिसले, तर त्यांच्यामागे एकशे ऐंशी वर्षांपूर्वीची ती रडवेली पहाट उभी आहे, एवढे आपण जाणावे. ओळख असेल तर दारातूनच नमस्कार करावा. त्यांचा सण आहे.