महाराष्ट्रातील अल्ट्रा एचडी दूरचित्रवाणी

अल्ट्रा एचडी दूरचित्रवाणी म्हणजे नेहमीच्या एचडी चित्राच्या किमान चौपट बारकावा दाखवणारी दूरचित्रवाणी होय. बोलीभाषेत तिला ‘फोर-के’ आणि तिच्या वरच्या पायरीला ‘एट-के’ म्हणतात. महाराष्ट्रात असे संच शहरांप्रमाणे खेड्यांतील घरांतही दिसू लागले आहेत. त्यांच्या योग्यतेचे चित्र मात्र त्यांच्यापर्यंत क्वचितच पोचते. त्यामुळे या तंत्राचे भवितव्य पडद्यापेक्षा मूळ चित्रीकरणाचा दर्जा आणि वितरणाचा मार्ग या दोन गोष्टींवर अधिक अवलंबून आहे.

स्वरूप

दूरचित्रवाणीचे चित्र असंख्य सूक्ष्म बिंदूंचे बनलेले असते. या बिंदूंना पिक्सेल म्हणतात. जुन्या साध्या प्रक्षेपणात चित्राच्या ५७६ आडव्या रेषा दिसत आणि अंकीय रूपात त्याचे सुमारे ४ लाख १५ हजार बिंदू होतात. एचडी चित्रात (१९२० × १०८०) सुमारे २१ लाख, फोर-के चित्रात (३८४० × २१६०) सुमारे ८३ लाख आणि एट-के चित्रात (७६८० × ४३२०) सुमारे ३ कोटी ३२ लाख बिंदू असतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने या दोन्ही स्वरूपांचे मानक २०१२ साली प्रसिद्ध केले.

केवळ बिंदूंची संख्या वाढल्याने चित्र उत्तम होत नाही. प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा दाखवणाऱ्या पद्धतीत सुमारे १ कोटी ६७ लाख रंग मिळतात. नव्या पद्धतीत प्रत्येक रंगाच्या १,०२४ छटा असल्याने ही संख्या सुमारे १०७ कोटींवर जाते. याच्या जोडीला एचडीआर हे तंत्र येते. त्यामुळे उन्हात चमकणारा कळस आणि त्याखालचा अंधारा गाभारा एकाच चित्रात तपशिलासह दिसू शकतात. एचडीआरचे आंतरराष्ट्रीय मानक २०१६ साली आले. साध्या घरात दुरून पाहतानाही हा फरक डोळ्यांना जाणवतो. वाढलेल्या बिंदूंचा फरक मात्र तितक्या सहजपणे जाणवत नाही.

पाहण्याचे अंतर

मानवी डोळ्याला बारकावा ओळखण्याची मर्यादा असते. एचडी चित्राचा पूर्ण बारकावा दिसण्यासाठी पडद्याच्या उंचीच्या साधारण तिप्पट, तर फोर-केसाठी दीडपट अंतर योग्य मानले जाते. ४३ इंची पडद्याची उंची सुमारे ५४ सेंटिमीटर असते. त्यावर फोर-केचा संपूर्ण लाभ सुमारे ८० सेंटिमीटर अंतरावरून मिळतो. अडीच-तीन मीटरांवर भिंतीला टेकून बसलेल्या कुटुंबाला त्या पडद्यावर एचडी आणि फोर-के यांतील बिंदूंचा भेद जवळजवळ कळत नाही. एट-केसाठी याहून मोठा पडदा किंवा याहून कमी अंतर लागते. घरगुती वापरात एट-केचा प्रसार मंद असण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

इतिहास

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुणे परिसरासाठी सहक्षेपण होऊ लागले. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले. मुंबईत केबल वाहिन्यांचे अंकीकरण २०१२ मध्ये, तर पुण्यात २०१३ मध्ये सक्तीचे झाले. प्रमुख मराठी मनोरंजन वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या २०१६ मध्ये निघाल्या. भारतात उपग्रहावरून थेट घरी येणाऱ्या सेवांनी २०१५ साली फोर-के सेटटॉप बॉक्स बाजारात आणले आणि त्या वर्षीच्या क्रिकेट विश्वचषकातील काही सामने फोर-केमध्ये दाखवले. २०२३ मध्ये आयपीएलचे सामने इंटरनेटवरून फोर-केमध्ये उपलब्ध झाले. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने १ डिसेंबर २०१८ रोजी उपग्रहावरून एट-के वाहिनी सुरू केली.

वितरणाचे मार्ग

संक्षेपण न केलेल्या फोर-के चित्रासाठी सेकंदाला सुमारे ८०० कोटी बिट्स माहिती लागते. एवढी माहिती घरोघरी पाठवणे शक्य नसते. म्हणून चित्रातील पुनरावृत्ती वगळून तिचे संक्षेपण केले जाते. २०१३ साली आलेल्या एचईव्हीसी या पद्धतीमुळे ही गरज सेकंदाला सुमारे १५ ते २५ मेगाबिट्सवर, म्हणजे मूळच्या सुमारे चारशेव्या हिश्श्यावर आली. २०२० साली पूर्ण झालेली व्हीव्हीसी ही पद्धत त्यातही मोठी बचत करते.

भीमा आणि नीरा या नद्यांच्या संगमावरील नरसिंहपूर हे गाव इंदापूर तालुक्यात, पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला आहे. अशा गावाच्या संदर्भात वितरणाच्या मार्गांतील फरक स्पष्ट होतो.

मनोऱ्यावरून निघणाऱ्या दूरचित्रवाणी लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्यामुळे डोंगर आणि पृथ्वीची वक्रता यांनी त्यांचा पल्ला मर्यादित होतो. जिल्ह्याच्या एका बाजूचा मनोरा दुसऱ्या टोकाला पुरेसा पडत नाही.

उपग्रहाला हे अंतर जाणवत नाही. त्याचा संदेश मुंबईत आणि नरसिंहपुरात सारखाच उतरतो. प्रेक्षक वाढल्याने त्याचा भारही वाढत नाही. परंतु उपग्रहावरील एका ट्रान्सपॉन्डरची क्षमता सेकंदाला साधारण ६० मेगाबिट्स धरली, तर त्यात दोन-तीनच फोर-के वाहिन्या मावतात. तेवढ्याच जागेत साध्या दर्जाच्या अनेक वाहिन्या बसतात. त्यामुळे प्रसारक फोर-केपेक्षा वाहिन्यांची संख्या वाढवणे पसंत करतात. मासिक शुल्क नसलेल्या ‘डीडी फ्री डिश’चा भरही वाहिन्यांच्या संख्येवर आहे.

इंटरनेटवर प्रत्येक प्रेक्षकाला स्वतंत्र प्रवाह पाठवावा लागतो. १५ मेगाबिट्सच्या वेगाने तासभर फोर-के कार्यक्रम पाहिल्यास सुमारे पावणेसात गिगाबाइट डेटा खर्च होतो. मोबाइलवर दिवसाला दोन गिगाबाइटची मर्यादा असल्यास ती सुमारे अठरा मिनिटांत संपते. म्हणून फोर-केसाठी प्रकाशतंतूची वाहिनी हाच खात्रीचा मार्ग ठरतो. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याचा प्रकल्प केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केला. तो आता ‘भारतनेट’ या नावाने ओळखला जातो. मात्र पंचायतीच्या कार्यालयापासून वाडीवस्तीवरील घरापर्यंतचा शेवटचा टप्पा वेगळा ओढावा लागतो.

मराठी आशय

संच आणि वाहिनी दोन्ही असल्या, तरी मूळ चित्र तितके बारीक नसेल तर त्यांचा उपयोग होत नाही. फीतयंत्रांवर चित्रित झालेल्या जुन्या मराठी मालिकांत आणि नाट्यप्रयोगांच्या ध्वनिचित्रफितींत ५७६ रेषांइतकाच तपशील आहे. आजचे संच असे चित्र मोठे करताना मधले बिंदू अंदाजाने भरतात. ते चित्र गुळगुळीत दिसते, पण मुळात न टिपलेला तपशील त्यात येत नाही.

चित्रपटांची स्थिती याउलट आहे. ३५ मिलिमीटरच्या चित्रफितीच्या मूळ प्रतीत फोर-के दर्जाला पुरेल इतका तपशील असू शकतो. त्यामुळे सुस्थितीतील नेगेटिव्ह मिळाल्यास १९५०च्या दशकातला मराठी चित्रपट १९९०च्या दशकातल्या मालिकेपेक्षा अधिक स्पष्ट दिसू शकतो. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाअंतर्गत तेथील चित्रफितींचे अंकीकरण आणि पुनरुज्जीवन केले जाते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात लागलेल्या आगीत अनेक जुन्या नायट्रेट चित्रफिती नष्ट झाल्या. ज्यांच्या अन्य प्रती नव्हत्या, ते चित्रपट कोणत्याही तंत्राने पुन्हा मिळणार नाहीत.

भवितव्य

पुढील काळात उपग्रह, प्रकाशतंतू आणि मोबाइल यांचा मिश्र वापर होण्याची शक्यता आहे. लाखो लोक एकाच वेळी पाहतात असे सामने व सोहळे प्रक्षेपणाने आणि आवडीनुसार निवडलेले कार्यक्रम इंटरनेटने, अशी ही विभागणी असेल. दक्षिण कोरियाने २०१७ पासून मनोऱ्यावरून फोर-के प्रक्षेपण सुरू केले आहे. इंटरनेटशी जोडता येणारे नवे मानक त्यासाठी वापरले जाते.

खेड्यांच्या दृष्टीने उलट दिशेचा प्रवासही महत्त्वाचा आहे. आज अनेक मोबाइल फोन फोर-के चित्रण करतात. नरसिंहपुरातील लक्ष्मी-नृसिंहाच्या देवळात वैशाख शुद्ध चतुर्दशीला होणारा जयंती उत्सव गावातलाच कोणी त्या दर्जात टिपू शकतो. तो थेट दाखवायचा असेल तर गावातून बाहेर जाणारा वेगही सेकंदाला २० मेगाबिट्सच्या आसपास हवा आणि मोबाइल जोडणीत हा वेग बहुधा येणाऱ्या वेगापेक्षा बराच कमी असतो. गावाने केवळ प्रेक्षक राहायचे की आपले चित्र जगाला दाखवायचे, हे या वेगावर ठरेल.