चौकट : शिवनाथकाठचं जुनं शेतघर घेताना

नदी : शिवनाथ ही महानदीची उपनदी. भिलाईच्या पश्चिमेला, दुर्ग शहराच्या कडेने वाहते. पावसाळ्यात दुर्गजवळच्या महमरा बंधाऱ्यावरून पाणी वाहू लागतं.

कागद : छत्तीसगडमध्ये जमिनीचे व्यवहार भू-राजस्व संहिता, 1959 प्रमाणे चालतात. सातबाऱ्याऐवजी खसरा आणि बी-1 पाहायचे. दोन्ही ‘भुइयाँ’ या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. तलाठ्याच्या जागी पटवारी, फेरफाराला नामांतरण.

- महाराष्ट्रात शेतजमीन घेणारा सहसा शेतकरीच असावा लागतो. छत्तीसगडमध्ये तशी अट नाही.
- आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकण्यावर कलम 165 चे निर्बंध आहेत. अधिसूचित आदिवासी क्षेत्राबाहेर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते.
- शेतजमिनीचा बिगरशेती वापर म्हणजे ‘डायव्हर्जन’.

माप : 1 एकर = 100 डिसमिल = 40 गुंठे. 1 डिसमिल 435.6 चौरस फूट, 1 गुंठा 1,089. गुंठ्यांत विचार करणाऱ्या खरेदीदाराची गल्लत इथेच होते.

पूररेषा : महाराष्ट्रात निळी रेषा 25 वर्षांतून, तर लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानतात. रेषा आखलेली नसेल तिथे भिंतीवरचा जुना पाण्याचा डाग पाहायचा. नवा रंग असेल तर शेजारच्या घराचा.

घर : मातीच्या भिंती, लाकडी वासे, वर कौलं, म्हणजे स्थानिक बोलीत खपरा. भिंतींना छुही या पांढऱ्या मातीचा हात. वाळवी बहुधा वासा भिंतीत शिरतो तिथे सापडते. टोचा घुसवला की पोकळ लाकूड कळतं. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केल्यास ओल आत कोंडते आणि पोपडे सुटतात. माती किंवा चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो. कौलांची डागडुजी मृगाआधी करतात.