पंचविशीत लकवा, आणि मूळ हृदयात

पंचविशीत कुणाला लकवा मारतो का? मारतो की. आणि कधी कधी दोष हृदयाच्या झडपेचा असतो.

लहानपणीच्या रुमॅटिक तापाने झडप खराब झालेली असेल (आपल्याकडे असे पेशंट अजूनही बरेच दिसतात), तर रक्तात शिरलेले जंतू तिथे ठाण मांडतात. शिरतात कुठून? बऱ्याचदा सुजलेल्या हिरड्यांतून! झडपेवर जंतूंचा आणि गुठळीचा गोळा वाढतो. त्याचा तुकडा सुटून मेंदूतली रक्तवाहिनी अडवतो. तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो. लगेच १०८ ला फोन.

पण इथे एक गोम आहे बघा. एरवी साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. या प्रकारात ते टाळतात, कारण मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती मोठी. म्हणून पेशंटला नेणाऱ्याने ‘दोन आठवडे ताप येत होता, झडपेचा त्रास आहे’ हे आधी सांगायचं.

असा रेंगाळणारा ताप मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून दाबलात, तर ब्लड कल्चरमध्ये जंतू सापडतच नाही बऱ्याचदा. आणि जंतू कळल्याशिवाय शिरेतून ४ ते ६ आठवडे नेमकं कोणतं औषध द्यायचं, हे डॉक्टरांना अंदाजानेच ठरवावं लागतं.