आपलं धान, रेशनचा तांदूळ आणि जहाजावरचा तांदूळ

रोवणी बहुतेकींची आटोपली असेल, कुणाच्या एखाद-दोन बांध्या राहिल्या असतील. कंबर टेकायला थोडी सवड मिळाली आहे तर आज धानाच्या भावाबद्दल बोलू या.

गटांच्या बैठकीत एक प्रश्न नेहमी निघतो. सरकार तांदूळ परदेशात पाठवतं म्हणून तो महाग होतो, की पाठवू देत नाही म्हणून आपल्या धानाला भाव मिळत नाही? दोन्ही बोलणी खरी आहेत, म्हणूनच गोंधळ होतो.

आधी आकडा बघा. 2022-23 मध्ये देशात साधारण साडेतेरा कोटी टन तांदूळ झाला. त्यातला सव्वादोन कोटी टनांच्या आसपास बाहेर गेला. म्हणजे सहा पोत्यांतलं एक पोतं जहाजावर चढलं, उरलेल्यावर देश जेवला आणि सरकारी गोदामं भरली. जगात देशोदेशी जो तांदूळ विकला जातो, त्यातला सुमारे 40 टक्के एकट्या भारताचा असतो. बासमती पंजाब-हरियाणाकडून अरब देशांत जातो. त्याचा आपल्या बांधीशी फारसा संबंध नाही. पण साधा आणि उकडा तांदूळ आंध्रातल्या काकीनाड्यासारख्या बंदरातून आफ्रिकेत बेनिन, सेनेगल अशा देशांत जातो. आपण कोंबड्यांपुढे टाकतो ती कनकीसुद्धा जाते. तिथे ती माणसंही खातात.

आता 2023 आठवा. पाऊस दगा देईल अशी भीती होती, बाजारात तांदूळ चढत होता. 20 जुलै 2023 ला सरकारने बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. कनकीवर तर सप्टेंबर 2022 पासूनच बंदी होती. बाहेर लगेच ओरड झाली, जगात तांदळाचा भाव पंधरा वर्षांत नव्हता इतका वर गेला. देशात मात्र माल अडकला. पुढे पीक चांगलं आलं, गोदामं भरली, आणि सप्टेंबर 2024 मध्ये बंदी उठली. कनकीची मार्च 2025 मध्ये.

बंदीने कुणाचं भलं झालं? विकत घेणाऱ्याचं. नुकसान विकणाऱ्याचं. पण आपल्यापैकी कितीतरी घरं दोन्ही आहेत. दिवाळीला उधारी फेडायला धान विकायचं आणि आषाढ-श्रावणात किराणा दुकानातून तांदूळ आणायचा. पाच एकरवाल्याला भाव वाढलेला चालतो, एक एकरवालीला तो श्रावणात खिशावर येतो. टीव्हीवर जे ‘शेतकऱ्याचा फायदा’ म्हणतात, त्यांना ही दुसरी बाई दिसत नाही, असं माझं मत आहे.

मग आधाराला काय? एक रेशन. अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कार्डावर माणशी 5 किलो, अंत्योदयाला घरामागे 35 किलो, जानेवारी 2023 पासून मोफत. ते धान्य आपल्यासारख्यांकडूनच हमीभावाने घेतलेलं असतं. 2025-26 साठी साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये आहे. एक क्विंटल धान भरडलं की सरकारी हिशोबाने 67 किलो तांदूळ धरतात. भागून बघा, भरडाई न धरताच किलोला 35 रुपयांवर जातो. म्हणून कुणी त्याहून फार स्वस्तात तांदूळ देत असेल, तर त्याला धान कुठल्या भावाने मिळालं असेल ते ओळखा.

‘अ’ दर्जाला 2389, म्हणजे फक्त 20 रुपये जास्त. त्यामुळे एचएमटीसारखं बारीक धान बहुतेक व्यापाऱ्याकडेच जातं. (हे वाण आपल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलं, हे पोरांना जरूर सांगा.) व्यापारी देईल तो भाव मात्र बाहेरच्या मागणीवर हलतो. मिलवाल्याला जहाज दिसलं तर तो चार पैसे जास्त देतो.

दिवाळीच्या घाईत विकायचं टाळायला गटाचं अंतर्गत कर्ज कामी येतं. दोन-तीन पोती मागे ठेवायची असतील तर धान नीट वाळवा. केंद्रावरही 17 टक्क्यांपेक्षा जास्त ओल चालत नाही. सगळं मात्र साठवून बसू नका, उंदीर भावाची वाट बघत नाहीत.

आता मला खुपणारी गोष्ट. पऱ्हे उपटणं, रोवणी, निंदण, कापणी, सगळीकडे बाई. पण केंद्रावर नोंदणी सातबाऱ्यावरच्या नावाने होते आणि पैसे त्याच्याच खात्यात जातात. हमीभाव कितीही वाढला तरी तो बाईच्या हाती येईलच असं नाही. राज्यात 1992 पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. नवऱ्याने अर्ज केला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागू शकतं. तलाठ्याकडे विचारा. एकटीला जायला अवघड वाटत असेल तर गटातल्या चौघी मिळून जा. नवऱ्याला घरी आधी सांगा, तिथे जाऊन वाद नको.

नोंदणीसाठी सातबाऱ्यावर यंदाच्या धानाची नोंद लागते, ती ई-पीक पाहणीतून होते. मोबाईलवर ती कशी करायची ते पुढच्या कार्यक्रमात सांगते. फोन चार्ज करून आणि गट नंबर कागदावर लिहून बसा.