विजेचा उपचार सुसह्य कसा होतो?

पक्षाघातानंतर काही रुग्णांना चालताना पाऊल उचलता येत नाही; ते जमिनीला घासत जाते. १९६१ साली अमेरिकेत लिबरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक उपाय मांडला. टाच उचलली की गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूने जाणाऱ्या चेतेला विजेचे स्पंद द्यायचे. स्नायू आकसतो आणि पाऊल वर येते. पण हे स्पंद टोचू लागले तर रुग्ण कंटाळून उपचारच सोडून देईल. धारा कमी करावी, तर स्नायू हलत नाही. मग मार्ग कोणता?

टाचणी आधी डोक्याच्या बाजूने आणि मग टोकाच्या बाजूने बोटावर हलकेच दाबून पाहू. बळ तेवढेच, पण टोक टोचते. विजेचेही तसेच आहे. २० मिलिअँपिअर धारा २ सेंमी बाजूच्या चौरस पट्टीतून गेली, तर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिअँपिअर येतात. ५ सेंमी बाजूच्या पट्टीतून फक्त ०.८! म्हणून पट्टी पुरेशी मोठी हवी. मात्र फार मोठी घेतली, तर शेजारचे स्नायूही आकसतात. पट्टी कोरडी पडून कडेने सुटली, की उरलेल्या भागात धारा एकवटते आणि चटका बसतो. त्वचा स्वच्छ आणि पट्टी ओलसर ठेवायची ती यासाठीच.

दुसरा प्रश्न वेळेचा. स्नायूंना हलवणारे चेतातंतू जाड असतात, वेदना वाहून नेणारे बारीक. जाड तंतू अगदी छोट्या, म्हणजे सुमारे ०.२ ते ०.३ मिलिसेकंदांच्या स्पंदानेही जागे होतात. स्पंद लांबला, की बारीक तंतूही सहज जागे होतात. म्हणून धारा थोडी वाढवावी लागली तरी स्पंद छोटाच ठेवतात.

तिसरा प्रश्न दिशेचा. मिठाच्या पाण्याचे विद्युत अपघटन आपण वर्गात करतो. घामातही मीठ असते. धारा सतत एकाच दिशेने वाहिली, तर त्वचेवर धनाग्रापाशी आम्ल आणि ऋणाग्रापाशी अल्कली साचून जखम होऊ शकते. म्हणून प्रत्येक स्पंदामागोमाग उलट दिशेचा स्पंद देतात.

याखेरीज धारा हळूहळू वाढवतात आणि काय जाणवेल ते रुग्णाला आधीच सांगतात. हा प्रयोग वर्गात मात्र मुळीच करू नये. हृदयात पेसमेकर असलेल्यांना तर तो धोक्याचा ठरू शकतो. वर्गासाठी टाचणी आणि मिठाचे पाणी पुरेसे आहे.