गाडीला ताप की तापमापकाला?

कपाळाला हात लावला तर चटका बसतो आहे आणि थर्मामीटर मात्र ९६ दाखवतो आहे, अशा वेळी घरातली बाई थर्मामीटरवर विश्वास ठेवत नाही. तो झटकते, पुन्हा लावते. माणसाच्या बाबतीत सुचणारे हे शहाणपण विजेच्या गाडीच्या बाबतीत मात्र आपण गॅरेजवाल्याच्या हवाली करून मोकळे होतो.

आमच्या सोसायटीतल्या एक निवृत्त शिक्षिका गेल्या मे महिन्यात माझ्याकडे आल्या. “साहेब, ठेव मुदतीआधी मोडली तर व्याज किती बुडेल हो?” बँकेतून बाहेर पडून इतकी वर्षे झाली, तरी हा प्रश्न मला सोडत नाही. चौकशी केली तेव्हा कळले की त्यांची हायब्रीड गाडी (पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली) एकाएकी मंदावली, दिवा लागला आणि एका गॅरेजने निकाल दिला की बॅटरी तापते, आख्खी बदला. आकडा लाखांत होता. म्हटले, बाई, ठेव राहू द्या, आधी तेरीज पाहू.

या बॅटरीत ठिकठिकाणी ज्वारीच्या दाण्याएवढे थर्मिस्टर बसवलेले असतात. गार असताना विजेला जास्त अडवायचे, तापले की कमी, हा त्यांचा स्वभाव. असा गुण मायकेल फॅरडेने १८३३ मध्येच सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता. नेहमीच्या वापरातल्या एका प्रकारात हा अडथळा २५ अंशांना १०,००० ओहम असतो, तो ६० अंशांना तीन हजारांच्या आसपास उतरतो. गाडीतला संगणक ओहम मोजतो आणि त्यावरून अंश ठरवतो. तार तुटली की अडथळा अमर्याद, म्हणजे संगणकाच्या लेखी कडाक्याची थंडी. तारा एकमेकींना चिकटल्या की उकळते पाणी.

ओळखीच्या एका वायरिंगवाल्या तरुणाने गाडी रात्रभर उभी ठेवायला सांगितली. सकाळी, काहीही तापण्याआधी, सगळे सेन्सर एकमेकांशी आणि बाहेरच्या हवेशी जुळले पाहिजेत. तिघांनी २८, २८, २९ सांगितले. चौथा म्हणाला, उणे ४०! पुण्यात, मे महिन्यात! जोडणीतल्या पिनेवर हिरवट कीट चढून ती तुटली होती. काम काही हजारांत भागले.

हा ढळढळीत खोटारडा होता म्हणून सापडला. खरी भीती थोडेसेच खोटे बोलणाऱ्याची. जोडणीतल्या गंजाने हजार ओहम वाढवले, तर २५ अंशांवर चूक जेमतेम दोन अंशांची. तीच ६० अंशांवर नऊ-दहाची होते. बॅटरी पोळत असते आणि संगणक समजतो की ठीक आहे, पंखा कशाला वाढवा? म्हणून सकाळची तेरीज जुळली तरी गाडी तासभर पळवून पुन्हा मांडावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे, आणि कंटाळा करणारा गॅरेजवाला बॅटरीच बदलायला सांगतो.

याहून वाईट प्रकारही चालतो. सेन्सर काढून त्याच्या जागी ठरावीक ओहमचा एक रेझिस्टर डकवायचा, की दिवा गेला! २०२२ मध्ये देशात विजेच्या स्कूटरना आगी लागल्या, पुण्यातही लागली. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक करून त्या डिसेंबरपासून टप्प्याटप्प्याने लागू केले गेले. ते कुणी रेझिस्टर डकवावा म्हणून नव्हे.

घरच्या घरी मात्र झाकण उघडू नये. सेन्सरच्या तारेत वीज नाममात्र असली तरी शेजारच्या नारिंगी तारांत शेकडो व्होल्ट असतात. जाणकार कारागीरसुद्धा आधी रबरी हातमोजे घालतो, सुरक्षा-प्लग काढतो, काही मिनिटे थांबतो आणि मगच हात लावतो. आपण दोषाचा क्रमांक लिहून घ्यावा, सगळ्या सेन्सरचे थंड आणि गरम असे दोन्ही वेळचे आकडे मागावेत. आणि सगळे सेन्सर एकमुखाने ताप आहे म्हणत असतील, तर तो खराच समजावा. मग मागच्या सीटजवळची हवेची जाळी पाहावी. काही हायब्रीड गाड्यांत बॅटरीचा पंखा तिथूनच हवा ओढतो, आणि नेमकी तिथेच आपण भाजीची पिशवी टेकवून ठेवलेली असते.